गेल्या दोन आठवड्यांत

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

सकाळपासून तिळगुळाचे फोटो येताहेत. त्यांच्या गर्दीत रेवाचा निरोप : 'मावशी, डिसर्टेशनचा फॉर्म पाठवतेय. लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेली माणसं हवीत. भर आणि तुझ्या ग्रुपांवर टाक ना, प्लीज.' विषय वैवाहिक समाधान आणि मानसिक आरोग्य. भाची पुण्यात मानसशास्त्रात एमए करतेय, तेव्हा नाशिकच्या मावशीचं लग्न आता अभ्यासाला लागणार.

संमतीचं पान नीट वाचलं. नोकरीभर विम्याचे प्रपोजल फॉर्म तपासले, त्यामुळे बारीक टाइप आधी वाचायची खोड आहे. नाव विचारलेलं नाही, कधीही मधेच सोडता येईल, गाइडबाईंचा ईमेल दिलाय. सगळं ठीक. फक्त ही उत्तरं किती दिवस ठेवणार, ते कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणते, "अगं, ते पान कोणी वाचतच नाही." मी म्हटलं, मी वाचलं. संध्याकाळी गाइडना विचारून ओळ घातली : निकालानंतर सहा महिन्यांनी माहिती पुसली जाईल.

न वाचता 'सहमत'वर बोट ठेवणाऱ्यांचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण तिनेच मागे सांगितलं होतं. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ जणांना कमी आनंदी किंवा कमी दुःखी मजकूर दाखवून पाहिला. त्याचा त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो, हे शोधायचं होतं. २०१४ मध्ये तो निबंध छापून आल्यावर ओरड झाली. संमती कुठे घेतली, तर म्हणे खातं उघडताना अटी मान्य केल्या होत्या, तीच.

१६ जानेवारी, गुरुवार

फॉर्म भरला. समोर हे पेपर वाचत होते. "एवढं काय करतेस फोनवर?" "वीजबिल भरतेय."

समाधानाचे सात प्रश्न. ही पट्टी सुसान हेंड्रिक या अमेरिकन बाईंनी १९८८ मध्ये तयार केलेली. त्यातला एक प्रश्न असा की, या नात्यात पडलोच नसतो तर बरं झालं असतं, असं तुम्हाला किती वेळा वाटतं? एक ते पाच. पेपरच्या वर ह्यांचं टक्कल दिसत होतं. मी दोन लिहिलं. माझ्या मते चाळिशीच्या पुढे एक लिहिणारी बाई एक तर नशीबवान असते, नाही तर नवरा शेजारी बसलेला असतो.

पुढे एके ठिकाणी नुसतंच 'या ओळीत पूर्णपणे असहमत निवडा' असं होतं. वाचतोय की नुसतं टिचक्या मारतोय, ते पाहायला. आवडलं मला. आमच्याकडे अशी सोय असती तर एजंटाने स्वतःच भरलेले निम्मे फॉर्म तिथेच सापडले असते.

एरवी दोन्हीकडचं खोटं वेगळं. प्रपोजलमध्ये 'मद्यपान?' या रकान्यात 'नाही' लिहिलेले किती तरी सद्गृहस्थ मी लग्नकार्यांत पाहिलेत. पण तिथलं खोटं पुढे वारसाच्या गळ्याशी येऊ शकतं. विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे तीन वर्षं लोटली तरच सुटका. रेवाच्या फॉर्मात खोट्याला दंड नाही. धोका असलाच तर खरं लिहिण्यात आहे. आणि तो कॉलेजकडून नाही, घरातूनच. एक जीमेल नवरा-बायको दोघांच्या फोनवर असलं आणि फॉर्म अर्धवट सोडला, की त्याच जीमेलवरून पुन्हा उघडणाऱ्याला भरलेली उत्तरं तशीच दिसतात. मी स्वतः करून पाहिलं. आमच्या इमारतीत असे एकखाती संसार बरेच आहेत. पासवर्ड बहुतेक मुलाच्या जन्मतारखेचा.

१९ जानेवारी, रविवार

रेवाचा फोन. बायका भराभर भरताहेत, पुरुष मिळत नाहीत. मी म्हटलं, त्यात नवल काय? तर तिने डेन्व्हरची हकिगत ऐकवली. हॅझन आणि शेव्हर या दोघांनी तिथल्या 'रॉकी माउंटन न्यूज' या वर्तमानपत्रात प्रेमाबद्दलची प्रश्नावली छापली. कात्रण भरून पोस्टाने पाठवायचं. लहानपणी आईवडिलांशी जसं नातं असतं तसंच पुढे प्रेमात उमटतं का, हे त्यांना बघायचं होतं. १९८७ मध्ये निबंध आला. पहिल्या ६२० उत्तरांत बायका ४१५ आणि पुरुष २०५. नात्यांच्या संशोधनात आजही त्याचा दाखला देतात.

म्हणजे पाकिटावर तिकीट लावायचं असो की लिंक दाबायची असो, नात्याबद्दल विचारलं की पेन बाईच्याच हातात. पुरुषांना विचारायचं असेल तर फॉर्मला 'मायलेज सर्वेक्षण' नाव द्यावं, असं मी सुचवलं. ते नियमात बसत नाही म्हणे.

२४ जानेवारी, शुक्रवार

शिंदेवहिनींकडे हळदीकुंकू. वाण स्टीलची गाळणी. रेवाचा फॉर्म मी पाठवला होताच. त्याच्यामागून दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या मुलीचाही एक फॉर्म ग्रुपवर फिरत आला होता, त्यामुळे विषय निघालाच. 'माझं समाधान ३५ पैकी ३१,' असं एकीने जाहीर केल्यावर हशा पिकला. हिने नवऱ्याला शेजारी बसवूनच भरला असणार.

निघताना चपलांपाशी एकीने माझा हात धरला. कोण ते वहीतही लिहीत नाही. वय चाळिशीचं असेल. हळू आवाजात म्हणाली, "काकू, त्या दुसऱ्या फॉर्ममध्ये शेवटी एक प्रश्न होता. मेलेलं बरं असं वाटतं का म्हणून. त्याला काय लिहायचं असतं?"

"जे असेल ते. तू काय लिहिलंस?"

"काही दिवस."

"मग?"

"मग काही नाही. तुमचा प्रतिसाद नोंदवला गेला आहे, असं आलं."

जिन्यातून बायका उतरत होत्या, गजऱ्यांचा वास आणि गडबड. मी तिला घरी घेऊन आले. ह्यांना भाजी आणायला पिटाळलं.

२५ जानेवारी, शनिवार

रेवाला फोन लावला आणि ती प्रश्नावली समजावून घेतली. पीएचक्यू-९. २००१ मध्ये स्पिट्झर, क्रोन्के आणि विल्यम्स यांनी मांडलेली, कोणालाही फुकट वापरता येते, म्हणून सगळीकडे दिसते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन, बेरीज २७ पर्यंत. १० किंवा त्याहून जास्त झाली तर नीट तपासून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ. निदान करायला डॉक्टरच हवा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा.

"तुझ्या फॉर्ममध्ये तो मला दिसला नाही."

"गाइडनी काढायला लावला, मावशी. आठ प्रश्नांचीही पट्टी असते, मी ती घेतली. निनावी फॉर्ममध्ये कोणी 'हो' लिहिलं तर आपण त्या माणसापर्यंत पोचणार कसे?"

बाईंना मी ओळखत नाही, पण या एका उत्तरासाठी त्यांना साडी-चोळी द्यावीशी वाटली. नको तर विचारू नका. विचारायचंच असेल तर पुढचं बघा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे पाच आकडे छापायला त्या दुसऱ्या फॉर्ममध्ये जागा नव्हती, आणि 'आपले मासिक कौटुंबिक उत्पन्न' विचारायला होती. त्या फॉर्मच्या संमतीच्या पानावरच्या पत्त्यावर मी सविस्तर ईमेल केलाय.

२९ जानेवारी, बुधवार

काल दुपारी ती चपलांपाशी भेटलेली आली. १४४१६ ला फोन तिनेच लावला, मी नुसती शेजारी. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते; उद्या तिथे जायचं ठरलं. सोबत मी. घरी सांगितलंय की काकूंच्या गुडघ्याला दाखवायचंय. गुडघा खरोखरच दुखतो, त्यामुळे फारसं खोटं नाही.

ईमेलला उत्तर नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

थोडी करमणूक. रेवाच्या वर्गातल्या एकाला आयुष्यातल्या ताणांची यादी वापरायचीय. होम्स आणि राही, सिॲटल, १९६७. आयुष्यातले ४३ प्रसंग आणि प्रत्येकाला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. निवृत्ती ४५, आणि नवरा-बायकोचा समेट तोही ४५! भांडण मिटवायला निवृत्त होण्याइतकाच ताण, हे मला पटलं.

नाताळला १२ गुण आहेत. दिवाळीला किती द्यायचे, असं त्या मुलाने विचारलंय. मी कळवलं, फराळ कोण करतं त्यावर आहे. पण खरा घोटाळा पुढेच. सासरच्या माणसांशी कटकट : फक्त २९. सिॲटलच्या सुना वेगळ्या राहत असणार. आमच्या पिढीच्या बायकांनी ही यादी केली असती तर त्या रकान्यापाशी बराच वेळ चर्चा चालली असती.

९ फेब्रुवारी, रविवार

पुरुषांचा आकडा हलेना, म्हणून शेवटी ह्यांच्या हातात फोन दिला. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लागले. "जोडीदार तुमच्या गरजा किती पुरवतो... काय गं, किती?" मी त्यांना गॅलरीत पाठवून दार लावून घेतलं. चांगला पाऊण तास बाहेर होते. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, आणि हे न विचारणं फार जड गेलं.

रात्री रेवाला सांगितलं तर तिला आनंदापेक्षा काळजीच जास्त. नवरा-बायको दोघांनी भरला, तर त्यांना दोन सुटी माणसं धरून चालत नाही. एकाची उत्तरं दुसऱ्याशी बांधलेली असतात. जोडप्याला एकच खूण-क्रमांक द्यायला हवा होता, तो फॉर्ममध्ये नाही. गाइडनी सांगितलं, 'मर्यादा' या प्रकरणात लिहा.

ते प्रकरण तिने मला वाचून दाखवलं. नमुना शहरी, शिकलेला, बहुतांश स्त्रिया, ओळखीतून ओळखीत गेलेला. पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या मुलांना तपासून सगळ्या मानवजातीबद्दल बोलतात, अशी हेनरिक आणि मंडळींनी २०१० मध्ये तक्रार केली होती, तिचाही उल्लेख आहे. रेवाच्या प्रबंधात मानवजातीच्या जागी तिच्या मावश्या, आत्या आणि त्यांच्या भिशीतल्या बायका आहेत, एवढाच फरक.

मी म्हटलं, आणखी एक मर्यादा घाल. फॉर्म भरताना तो फोन फक्त आपलाच होता का आणि खोलीत दुसरं कोण होतं, हे तू विचारलंच नाहीस.

"बरोबर आहे गं. पण याला संदर्भ कोणाचा देऊ?"

संदर्भ नसला तर प्रश्नच घाल, म्हटलं. तर कॉलेजच्या समितीने मंजूर केलेली प्रश्नावली अर्ध्यात बदलता येत नाही. पुढच्या वर्षीच्या मुलींना सांगून ठेवते, म्हणाली.