पावली

अमेरिकेत पंचवीस सेंटच्या नाण्याला क्वार्टर म्हणतात, आमच्या घरात पावली. रुपयाच्या चौथ्या हिश्शाला पावली, मग डॉलरच्या का नको? 1993 साली पिट्सबर्गला आलो, तेव्हा शिक्षण झालं की आल्या पावली परत, असा बेत होता.

शहराच्या ओकलंड भागातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही तिघांनी घेतला. तळघरातलं वॉशिंग मशीन चार पावल्या गिळायचं, ड्रायर आणखी तीन. म्हणून जीन्स तीन-तीन आठवडे चालायची आणि बाकीचे कपडे खोलीत दोरीवर वाळायचे. पार्किंगला पावली, फोनला पावली, पावलोपावली पावली!

तरी बॉस्टनचा मित्र हेवा करायचा. त्याच्या एका खोलीच्या भाड्यात आमचा अख्खा मजला आला असता. मला ते माझं नशीब वाटे. एकदा घरमालकीणबाईंनी सहज सांगितलं, त्यांचे यजमान पोलादाच्या कारखान्यात होते. ऐंशीच्या दशकात भट्ट्या विझल्या, दोन्ही मुलगे टेक्सासला गेले. 1950 साली पावणेसात लाख वस्ती असलेलं हे शहर आज तीन लाखांवर आलंय. आमचा मजला म्हणजे त्या मुलांच्या खोल्या होत्या. माझी बचत त्यांच्या जाण्यातून होत होती.

परतीचा बेत राहिला. विटांचं जुनं घर घेतलं, बेताच्या किमतीत. मग कळलं, घर स्वस्त, राखणं महाग. हिवाळ्यात गॅसचं बिल, छप्पर, घरपट्टी. वाणसामानावर आणि रोजच्या कपड्यांवर पेन्सिल्व्हेनियात विक्रीकर नाही. पण पगारातले तीन टक्के शहर आणि शाळा मिळून नेतात. ऑल्डी या वाणसामानाच्या दुकानात ढकलगाडी सोडवायला पावली लागते, ती मात्र गाडी जागेवर ठेवली की परत मिळते.

2011 साली भारतातली पावली चलनातून गेली. गेल्या वर्षी लेक नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेली.

परवा नागपूरचा एक विद्यार्थी तिची खोली बघायला आला. भाडं ऐकून म्हणाला, "एवढं कमी?" कारण ओठांवर आलं, पण गिळलं. म्हटलं, "मशीन तळघरात आहे. पावली लागत नाही."

"पावली म्हणजे काय, काका?"