पोईचं भांडं उघडं असताना

हवाईतल्या हिलोच्या बाजारात अळूच्या पानांची जुडी मिळते हे कळलं आणि माझा निम्मा परकेपणा तिथेच संपला. मी मूळची चिपळूणची, त्यामुळे पावसाचं अप्रूप नव्हतं. इथे तर तो बारा महिने पडतो. नवरा मौना केआ डोंगरावरच्या एका दुर्बिणीच्या हिलोतल्या कार्यालयात इंजिनिअर. शेजारी एक हवाईयन बाई राहतात. इथे वयाने मोठ्या बाईला ओळख असो-नसो सगळे आंटीच म्हणतात, म्हणून त्या माझ्याही आंटी झाल्या.

पहिल्यांदा मी त्यांना अळूचं फदफदं नेऊन दिलं. चिंच-गुळाच्या चवीला त्यांनी भुवया उंचावल्या, पण भांडं काही रिकामं परत आलं नाही. त्यात पपया होत्या. मग त्यांनी मला लाउलाउ करायला शिकवलं. पानांचे देठ आणि जाड शिरा काढायच्या, पानं एकावर एक रचून आत डुकराचं मांस आणि मासा ठेवायचा (माझ्यासाठी रताळं), टी नावाच्या झाडाच्या रुंद पानात पुरचुंडी बांधायची आणि तीन-चार तास वाफवत ठेवायचं. घाई केलीस तर घसा खाजेल, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, आमच्याकडे त्यासाठी चिंच असते. त्या हसल्या. "आमच्याकडे वेळ असतो."

अळूच्या कंदाला इथे फार मान. कंद उकडून, कुटून, पाणी घालून पोई करतात. जुनी कथा अशी की आदिमातेचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे अळू उगवला. दुसरं मूल जगलं, तो माणसांचा पूर्वज. दोघांचं नाव एकच, हालोआ. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. तो धाकट्याला पोसणार आणि धाकट्याने त्याचं शेत राखायचं. पोईचं भांडं उघडं असेपर्यंत पंगतीत भांडायचं नाही, हा रिवाज त्यातूनच आला. थोरल्यासमोर आवाज चढवायचा नसतो.

२०१९ च्या जुलैत आमच्या दोन घरांना हा रिवाज जड गेला. ४,२०५ मीटर उंचीच्या मौना केआवर तीस मीटर व्यासाच्या आरशाची नवी दुर्बीण उभी राहणार होती. भारत त्यात भागीदार, पुण्याची आयुका ही खगोलसंस्थाही त्यात. आमच्या घरात अर्थातच कौतुक. शेजारी मात्र संताप. हा डोंगर हवाईयन लोकांना पवित्र, त्यावर तेरा दुर्बिणी आधीच उभ्या, आणि जमीन कुणाची हे दुखणं त्याहून जुनं. १८९३ मध्ये हवाईची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलं गेलं. राज्याच्या जमिनी पुढे अमेरिकेकडे गेल्या, त्यातच हा डोंगरही गेला.

लोकांनी डोंगराचा रस्ता अडवला. १७ जुलैला पोलिसांनी रस्त्यावर बसलेल्या तीसेक वृद्धांना अटक केली. आमच्या आंटी त्यांत नव्हत्या, त्या स्वयंपाकाच्या तंबूत होत्या. वर थंडी फार, म्हणून मी शाली घेऊन गेले. तिथे सगळे कापू आलोहा नावाचा नियम पाळत होते: शिवीगाळ नाही, दारू नाही, शस्त्र नाही, पोलिसाशीसुद्धा उद्धटपणा नाही. मी कुणाची बायको हे ठाऊक असूनही आंटींनी आधी मला जेवायला बसवलं. इकडे शिखरावरचं काम जवळजवळ महिनाभर बंद, आणि नवऱ्याची घरात धुसफूस.

मधे एकदा आंटी घरी आल्या आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मध्यभागी पोईचं भांडं. नवरा गप्प राहून जेवला. त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. जेवणं झाल्यावर आंटींनी स्वतः भांड्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, आता बोल."

चांगली तासभर जुंपली.

"विज्ञान कुणा एकाचं नसतं, आंटी."

"डोंगरही नसतो. मग आम्हाला विचारायला आधी कोणी का आलं नाही?"

कोणीही मागे हटलं नाही. आंटींची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून रात्री नवऱ्यानेच त्यांना वर आंदोलनाच्या जागी नेऊन सोडलं.

आलोहा, म्हणजे माया, इथे कायद्यातही आहे. १९८६ पासून राज्यपालापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांनी अधिकार वापरताना त्याचा विचार करावा, असं लिहिलेलं आहे. मला आधी हसू यायचं, माया काय कायद्याने लावायची? पण २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदुकीच्या एका खटल्यात आलोहाचा दाखला दिला, तेव्हा ही नुसती शोभेची ओळ नाही हे पटलं. पर्यटनवाल्यांचा आलोहा मात्र मला सोसत नाही. तो फुलांच्या हारासोबत फुकट वाटला जातो, आणि तो ज्यांचा, त्यांना घरभाडं परवडत नाही. २०२० च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक हवाईयन हवाईबाहेर राहतात असं निघालं.

२०२२ मध्ये डोंगराच्या देखरेखीसाठी नवं प्राधिकरण नेमण्याचा कायदा झाला, त्यात हवाईयन लोकांनाही जागा आहेत. नवी दुर्बीण तिथे अजून उभी राहिलेली नाही. नवऱ्याचं आणि आंटींचं मत आजही जिथल्या तिथे आहे.