काट्याची पावती

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी आधी पहिली-दुसरीला शिकवायचे, पुढे सहावी-सातवी माझ्याकडे आली. पहिलीच्या पोरांना दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दिले की ती रमतात. गठ्ठा सोडून एकेक काडी बाजूला काढली की वजाबाकीतला हातचा त्यांना बोटांनीच कळतो. हे कशाला शिकायचं, असं त्या वयात कुणी विचारत नाही. पाटीवर चांदणी काढून दिली की गडी खूश.

सातवीत चांदणीने भागत नाही. आमच्याकडची ऊसतोडीच्या घरची मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात, ती पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, परततात. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, आणि ते योग्यच आहे. असाच एक मुलगा सातवीत आला. उंची माझ्याएवढी, वाचन दुसरीचं. त्याच्यासाठी आलेलं पुस्तक मात्र पहिलीचं, बदकं आणि फुगे असलेलं. शेजारच्या बाकावरून कुणी पाहिलं की तो ते दप्तराखाली सरकवायचा. बैलगाडी हाकणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या पोराने बदकं का वाचावीत?

मी त्याला कारखान्याच्या वजनकाट्यावर मिळालेल्या, घरात पडलेल्या पावत्या आणायला सांगितल्या. मळलेल्या, घडीवर फाटत आलेल्या. त्यावर गाडीचा नंबर, गावाचं नाव, वजन. एकीवर 2.450 टन. त्याने आधी 'दोन टन चारशे पन्नास' वाचलं आणि मग स्वतःच विचारलं, "बाई, चारशे पन्नास काय?" हजार किलोंचा टन, हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं; टिंबानंतरचे आकडे किलोचे, हे कळल्यावर दशांश अपूर्णांक त्याला नव्याने शिकवावा लागला नाही. आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटलं याचा हिशोब तो वडिलांशेजारी बसून करू लागला. वाचनही त्यातूनच वाढलं, कारण आता त्याला वाचायचं कारण होतं.

अडखळत वाचणाऱ्या मोठ्या मुलांसाठी सोपी वाक्यं हवीत, पण विषय त्यांच्या वयाचे हवेत: बैल, ट्रॅक्टर, कुस्ती, मजुरी, मोबाइलची दुरुस्ती. मराठीत अशी पुस्तकं फार थोडी आहेत. ज्यांना लिहिता येतं, त्यांनी ती लिहावीत.