नाशिकचे दोन दिवस आणि काना गावचे सहा रांजण



जानेवारीत आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका सहलीची जाहिरात टाकली. तीन दिवस इटली. सकाळी रोमची चर्चेस, दुपारी आगगाडीने ओर्विएतो, संध्याकाळी तिथल्या तळघरात वाईनची चव. खाली लगेच वाद जुंपला. एका काकूंनी लिहिले, "यात्रा करायची की प्यायची?" रोममध्ये शिकून आलेल्या एका फादरांनी शांतपणे उत्तर दिले की ओर्विएतोला दोन्ही गोष्टी शेजारी शेजारीच आहेत. बोल्सेना गावी 1263 मध्ये मिस्सा चालू असताना ख्रिस्तप्रसादातून रक्त ठिबकले, असे तिथली परंपरा सांगते. ते डाग पडलेले वेदीवरचे वस्त्र ओर्विएतोच्या कॅथेड्रलमध्ये जपून ठेवले आहे. त्याच ओर्विएतोहून पोप अर्बन चौथे यांनी 1264 मध्ये ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला. आणि त्याच टेकडीभोवतीच्या मळ्यांची पांढरी वाईन शेकडो वर्षे रोमला जात आली आहे.

इटली आपल्या खिशात बसणारी नव्हे. पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसरेच काहीतरी घोळत होते, म्हणून मी बायकोला म्हटले, "आपण नाशिकला जाऊ. बाळ येशूचे दर्शनही होईल." खरे कारण तिला गाडीत बसल्यावर सांगितले.

ते कारण असे. डिसेंबरात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी काना गावचे लग्न शिकवत होतो. आमच्या बालाघाटला मिस्सा हिंदीत होते आणि हिंदी शुभवर्तमानात शब्द आहे 'अंगूरी'. चौथीतला एक मुलगा उभा राहिला. "सर, अंगूरी मतलब दारू ही ना? येशू ने दारू क्यों बनाई?" वर्ग हसला. तो हसला नाही. त्याचे वडील रोज संध्याकाळी कुठे असतात हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला माणूस, शब्दाच्या आडोशाला गेलो. म्हणालो, "मराठीत त्याला द्राक्षारस म्हणतात. म्हणजे द्राक्षांचा रस. सरबतासारखा." तो खाली बसला. पण त्याने माझ्याकडे जसे पाहिले ते मला ओळखीचे होते. लहानपणी मीही मोठ्यांकडे तसाच बघायचो.

माझे बाबा चर्चची देखभाल करायचे. झाडलोट, घंटा, वेदीची फुले, सगळे तेच पाहायचे. आणि ते प्यायचे. मोहाची प्यायचे. मिळेल तेव्हा आणि मिळेल तितकी. मी अकरा वर्षांचा होतो, वेदीसेवक होतो. एका रविवारी सकाळी साक्रिस्तीत मिस्सेच्या वाईनची बाटली उचलली तर रिकामी. खाली तळाशी लाल थेंब आणि माझ्या हाताला तो आंबूस वास. फादर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी काही विचारले नाही. कपाटातून दुसरी बाटली काढली, मिस्सा झाली. संध्याकाळी ते घरी आले आणि साक्रिस्तीची किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली. "आजपासून ही तुमच्याकडे," एवढेच. बाबांना कामावरून काढले नाही, कुणाला सांगितलेही नाही. बाबा बावन्नाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेले. त्या रात्री आईने माझ्याकडून वचन घेतले की थेंबही घेणार नाही. मी आजवर घेतलेला नाही, चषकातलासुद्धा नाही. ख्रिस्तप्रसाद फक्त भाकरीच्या रूपात घेतो आणि त्यात काही उणे नाही हे मुलांना शिकवतोही, कारण प्रभू दोन्ही रूपांत पूर्णच असतो. आई गेल्यावर ती किल्ली माझ्याकडे आली.

विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते. त्याच लोहमार्गाने पूर्वेला गेले की राजनांदगाव. तिकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांना गाडीत एक मिशनरी भेटला आणि त्याने हातात नवा करार ठेवला, ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. आम्ही उलट दिशेला, लक्ष्मीबाईंच्या माहेरी निघालो होतो. पहाटे नाशिकरोडला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती.

शनिवारी सकाळी शहर पाहिले. रामकुंड, पंचवटी, काळाराम मंदिर. याच मंदिराच्या दारी 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला. लेकीला शाळेत तो धडा होता, ती दरवाजासमोर बराच वेळ उभी राहिली. मग शरणपूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे शिकायला ठेवली जात. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचे शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांच्या दफनविधीलाही तो हजर होता. नाशिकला द्राक्षांपलीकडे असे बरेच काही आहे, पण रिक्षावाले पाहुण्यांना पहिले विचारतात, "वाइनरीला जायचं का?"

आम्हाला जायचेच होते. गंगापूर धरणाच्या रस्त्याला जलालपूर लागते. 1868 मध्ये लक्ष्मीबाई टिळक तिथे जन्मल्या. त्याच परिसरात आज द्राक्षाचे मळे आणि वाइनऱ्या आहेत. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकात इथे वाईनची द्राक्षे लावली, आईच्या नावावरून 'सुला' नाव ठेवले आणि 2000 साली पहिली वाईन बाजारात आणली. नंतर इतर आले. (इटलीच हवी असेल तर ती सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ आहे. दिल्लीचे दोन भाऊ, अकलूजचे दोन आणि इटलीचे दोन, अशा तीन घरांनी मिळून काढलेली ती कंपनी. नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. टस्कनीची सांजिओवेसे ही द्राक्षाची जात तिथे पिकते.)

पण चवीच्या खोलीत जाण्याआधी आम्ही दिंडोरीकडे एका शेतकऱ्याच्या मळ्यात गेलो. सासऱ्यांची जुनी ओळख. सहा एकर द्राक्ष, त्यातली दोन एकर वाइनरीशी करार करून लावलेली. काढणी चालू होती. वाईनचे द्राक्ष आपण खातो तसे नसते. मणी छोटा, साल जाड, आत बिया. खाल्ले तर गोड लागते पण तोंडाला चिकटते. भाऊंनी, म्हणजे त्या शेतकऱ्याने, मला काडी दाखवली. इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी. पहिलीने काडी तयार होते, दुसरीने फळ येते. इटलीत थंडीत वेल झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपल्याकडे त्याला झोप कुठली? उन्हाळा येण्याआधी, जानेवारी ते मार्चमध्ये, घड उतरवावे लागतात.

"छाटताना कळतं का, कुठली ठेवायची ते?" मी विचारले. मनात योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय होता, वेलाचा आणि माळ्याचा.

"डोळा बघायचा," भाऊ म्हणाले. "जाडजूड काडी असते, पण आत डोळा मेलेला. ती ठेवून उपयोग नाही. आणि कधी बारीक दिसणारी लागून जाते. दरवर्षी दोन-चार चुकतातच."

मी हा अध्याय वीस वर्षे शिकवतो आहे. माळीही चुकतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. अर्थात भाऊ स्वतःबद्दल बोलत होते, स्वर्गीय पित्याबद्दल नव्हे.

त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वारकरी. मी संकोचत विचारले की माळ घालून वाईनचे द्राक्ष कसे. ते हसले. "द्राक्ष जातंय तिकडं. मी कुठं जातोय? गेल्या साली गारपीट झाली, खायचा माल सगळा गेला. वाईनच्या दोन एकरांवर पोरीची फी भरली."

दुपारी चवीच्या खोलीत गेलो. लेकीला प्यायला मनाई, तिला द्राक्षाचा रस मिळाला. तो खरा रस होता, आणि डिसेंबरातले माझे उत्तर आठवून मला शरम वाटली. शिकवणारी मुलगी पंचवीसेक वर्षांची असेल. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, मग हळू फिरवून वास घ्यायचा. सोव्हिन्यों ब्लांला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास, शिराझला मिऱ्याचा. एक घोट जिभेवर फिरवायचा आणि हवे तर थुंकायचा. त्यासाठी टेबलावर बादली ठेवलेली असते. चव घेण्याचा धंदा करणारे थुंकतातच, ती म्हणाली, नाहीतर दिवसाला चाळीस वाईन चाखणार कशा? माझ्या बायकोने एक घोट घेतला आणि जाहीर केले, "चिंच बरी." सगळे हसले.

मला वाटले होते की त्या खोलीत मला बाबा आठवतील आणि राग येईल. लाल वाईनचा पेला नाकाशी नेला आणि आठवली ती साक्रिस्ती. मेणाचा, उदाचा, धुतलेल्या कापडाचा वास आणि तो आंबूस वास. आणि फादरांचा हात, आईला किल्ली देणारा. मी पेला बराच वेळ धरून होतो. मग बादलीत ओतला. मुलीने विचारले, "आवडली नाही का, काका?" म्हटले, "वास चांगला आहे."

रात्री लॉजवर झोप लागली नाही. वाईन म्हणजे द्राक्षातली साखर किण्वाने मद्य झालेली, शंभरात बारा-तेरा भाग. मोहाची त्याहून जहाल, कारण ती भट्टीवर चढवून उतरवतात. पण मोहाचा तरी दोष काय? आमच्या बैहरकडचे गोंड आणि बैगा लोक मोहाची आधी देवाला वाहतात, मग घेतात. चैत्रात पहाटे बाया टोपल्या घेऊन ती फुले वेचायला जातात तेव्हा अख्ख्या जंगलाला गोड वास येतो. नोहाने पहिला द्राक्षमळा लावला आणि तोच पहिला झिंगून पडला, हे पवित्र शास्त्र लपवत नाही. संत पौल तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तेही लपवत नाही. मिस्सेसाठी द्राक्षाचीच, भेसळ नसलेली, न बिघडलेली वाईन हवी असा चर्चचा नियम आहे. पण ज्या धर्मगुरूला व्यसनाचा आजार आहे त्याला जेमतेम किण्वन झालेला रस, ज्याला मुस्तुम म्हणतात, तो वापरायची परवानगीही तेच चर्च देते. लपवत होतो तो मी.

रविवारी नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात मिस्सा घेतली. फेब्रुवारीतल्या यात्रेचे मांडव उभे राहत होते. वसईची काही माणसे आधीच आली होती, त्यांच्याशी मराठीत मिस्सेची उत्तरे देताना जीव सुखावला. अर्पणाच्या वेळी फादरांनी चषकात वाईन ओतली, पाण्याचा थेंब घातला. मला भाऊंचे सहा एकर दिसले आणि गारपीटही.

पुढच्या रविवारी वर्गात मी पुन्हा काना गाव उघडले. आधी म्हणालो, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. तो रस नव्हता. ती वाईनच होती. चांगली होती." मग हिशेब मांडला. दगडी रांजण सहा. एकेकात ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी. मुले खूश. कुणी पाचशे म्हणाले, कुणी सातशे.

तो मुलगा शेवटच्या बाकावर होता. हात वर न करताच त्याने विचारले, "सर, फिर उस शादी में रात को किसी ने किसी को मारा नहीं?"

मी पान पुन्हा वाचले. पहिल्या ओळीपासून. म्हणालो, "नाही. तसं काही लिहिलेलं नाही."

"अच्छा," तो म्हणाला आणि वहीत रांजण काढू लागला. वर्ग सुटल्यावर मी त्याला थांबवले. साक्रिस्तीची किल्ली दाखवली आणि ती माझ्या आईकडे कशी आली ते सांगितले, बाटलीसकट सगळे. हे मी आजवर कुणालाच सांगितले नव्हते, बायकोलाही त्या गाडीतच पहिल्यांदा. त्याने विचारले, "आपके पापा भी?" मी हो म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे. त्याचे वडील सहाच्या आत भेटतात, असे त्यानेच सांगितले.