वधस्तंभ आणि वेठ

संपादकांनी विषय दिला तो असा : ख्रिस्ती जीवनातला आत्मत्याग आणि शिष्यपणाची किंमत. सामान्य वाचकाला कळेल असं लिहा, ही अटही घातली. अट रास्त आहे. मी नवा करार आणि त्याची मराठी भाषांतरं शिकवते. आमच्या विषयातली बोजड परिभाषा वाचकावर लादण्याची हौस मला नाही. पण या विषयात वाट जिथे चुकते ती जागा एका शब्दात आहे, आणि तिथवर जायचं तर थोडं ग्रीक सोसावं लागेल. ते टाळून लिहिता आलं असतं, तर हा लेख माझ्याकडे मागण्याचं कारण उरलं नसतं.

आत्मत्याग म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पथ्य येतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात कोणी मटण-मासळी सोडतं, कोणी चहा, अलीकडे कोणी मोबाइल. शेजारी विचारतात, हा तुमचा श्रावण का? प्रश्न आपुलकीचा असतो आणि तुलनाही अगदीच चुकीची नाही. दुसरा आक्षेप मात्र आपुलकीचा नसतो : त्यागाच्या गोष्टी कशाला सांगता, तुमची माणसं तर धान्यासाठी आणि सवलतींसाठी गेलेली. हे वाक्य इतकं रुळलं आहे की शिकलेली, एरवी पुराव्याशिवाय न बोलणारी माणसंही ते सहज उच्चारतात. या दोन्ही समजांमागे एकच गृहीत आहे. त्याग म्हणजे आपल्याकडच्या वस्तूंतली एखादी खाली ठेवणं, हे ते गृहीत. शुभवर्तमानातला शब्द वस्तूंबद्दल बोलतच नाही.

मार्क 8:34 आणि मत्तय 16:24 या ठिकाणी येशू मागे येऊ पाहणाऱ्याला तीन गोष्टी सांगतो. दुसरी आपला वधस्तंभ उचलण्याची, तिसरी मागे चालण्याची. पहिलीसाठी आपल्या प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात ‘आत्मत्याग’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘अपार्नेओमाइ’. त्याचा अर्थ सोडणं असा नाही. नाकारणं, ओळख न देणं, हा माझा कोणी नव्हे असं म्हणणं असा आहे. हेच क्रियापद त्याच मार्कच्या चौदाव्या अध्यायात पुन्हा येतं. तिथे पेत्र कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा ‘नाकारतो’. म्हणजे ग्रीक वाचकाच्या कानावर एकच शब्द दोनदा पडतो : शिष्याने स्वतःला नाकारायचं होतं, त्याने गुरूला नाकारलं. मार्कची सगळी रचना या एका शब्दावर तोललेली आहे. मराठीत मात्र आठव्या अध्यायात ‘आत्मत्याग’ आणि चौदाव्यात ‘नाकारणे’ असे दोन शब्द आल्यामुळे ते नातं तुटलं. ‘आत्मत्याग’ हा शब्द संन्यासाच्या, तपाच्या, वैराग्याच्या घरातून आला आणि येताना त्या घराचं सामान घेऊन आला. आमच्या मंडळ्यांमध्ये ‘आत्मनकार’ असा शब्दही चालतो. तो कानाला खडबडीत लागतो, पण अर्थाला इमानी आहे. याला शब्दच्छल म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. भाषांतरकाराने निवडलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या प्रवचनं घडवतो, आणि प्रवचनं माणसं घडवतात.

शिवाय नाकारण्याचा हा अनुभव महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. आज घटस्फोट म्हणजे नवरा-बायकोची फारकत. मुळात तो जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे : पतित माणसाच्या नावाने पाण्याचं भांडं लवंडायचं, तो मेला असं धरून नातेवाइकांनी उदक द्यायचं, त्याच्याशी बोलणं-बसणं आणि वारसाहक्क बंद करायचा. जिवंत माणसाचं हे श्राद्ध. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यापुढे किंमत उभी राहिली ती या रूपात. 1839 साली मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शाळेतली मुलं भराभर काढून घेतली गेली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत लहान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या त्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात फूट पडली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून पुढाकार घेतला तर सनातन्यांनी त्यांनाही धारेवर धरलं. सरकारला 1850 साली एकविसावा कायदा करावा लागला तो धर्म वा जात सुटली म्हणून वारसा बुडू नये यासाठी. लोक सवलतींसाठीच येत होते असं म्हणणाऱ्यांनी या कायद्याची गरज का पडली याचा विचार करावा. दुष्काळात भुकेपोटीही माणसं मिशनच्या दारात आली, हे मी लपवत नाही. भाकरीसाठी आलेल्या माणसाचा विश्वास खोटाच असणार, हे मात्र मला मान्य नाही.

इथवर गोष्ट सोपी आहे, आणि आमच्या चर्चमध्ये ती इथेच थांबते. त्यांनी किंमत मोजली, तुम्हीही मोजा. पण किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारला की विषय अवघड होतो. त्यासाठी दुसरा ग्रीक शब्द लागतो : ‘अंगारेउओ’. मूळ इराणी राजांच्या टपालव्यवस्थेतला हा शब्द. सरकारी कामासाठी वाटेवरच्या माणसाला किंवा त्याच्या जनावराला धरून नेणं. नव्या करारात तो तीनच ठिकाणी आहे, आणि इथे आमच्या भाषांतरकारांनी अचूक शब्द वापरला : वेठ. रोमन शिपाई कुरेनेच्या शिमोनाला येशूचा वधस्तंभ वाहायला वेठीस धरतात, हे मार्क आणि मत्तय दोघेही सांगतात. तिसरी जागा डोंगरावरच्या प्रवचनात आहे : वेठीस धरून कोणी एक कोस नेलं तर दोन कोस जा. एका बाजूला स्वतःला नाकारून ‘आपला’ वधस्तंभ उचलणारा शिष्य, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या हुकमाने दुसऱ्याचं ओझं खांद्यावर आलेला शिमोन. खांद्यावरचं लाकूड तेच, पण शुभवर्तमान या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं देतं. पालखी वाहणाऱ्या भोयांना मजुरी तरी ठरलेली असे. वेठीच्या माणसाला मजुरी नाही आणि नाही म्हणण्याची सोयही नाही. वधस्तंभ उचलणाऱ्यालाही मजुरी नाही, पण तो नाही म्हणू शकला असता. शिष्यपण या शक्यतेत आहे. ती काढून घेतली की उरते ती वेठ, मग तिला कितीही पवित्र नाव द्या.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मराठी ख्रिस्ती इतिहासाला लावून पाहिला की आपल्या अभिमानाच्या कथा वेगळ्या दिसू लागतात. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी केली. या दोन तारखा आम्ही त्यागाचे टप्पे म्हणून सांगतो, आणि ते खरेच तसे आहेत. पण 1895 च्या त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. नवऱ्याने केलेल्या निवडीमुळे त्या नवरा असूनही बिननवऱ्याच्या झाल्या. पदरी लहान मूल घेऊन, नातेवाइकांच्या आधाराने, लोकांच्या बोलण्यातून त्यांनी ती वर्षं काढली. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधल्या पाच वर्षांना आमच्या मंडळ्यांत ‘लक्ष्मीबाईंचा वधस्तंभ’ म्हणण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. ती पाच वर्षं वेठीची होती. वधस्तंभ त्यांनी उचलला तो पुढे, जेव्हा सोवळंओवळं आणि जात त्यांनी आपल्या बुद्धीने, आपल्या गतीने, आपल्या हाताने टाकली तेव्हा. 1934 पासून भागाभागाने आलेली ‘स्मृतिचित्रे’ ही त्यांची आत्मकथा नीट वाचणाऱ्याला हा फरक जाणवतो. टिळकांवरचं प्रेम आणि टिळकांनी लादलेलं दुःख त्यांनी एकमेकांत मिसळू दिलेलं नाही. टिळकांच्या निधनानंतर अपुरं राहिलेलं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. तो लक्ष्मीबाईंचा दुसरा कोस म्हणता येईल, कारण तो चालायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर वधस्तंभ की वेठ हा वाद लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच तिथल्या मठातल्या बायका आणि बिशप त्यांना आज्ञापालन शिकवू लागले. त्यांचं पत्रांचं पुस्तक 1977 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साहित्य-संस्कृती मंडळाने काढलं आहे. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत, हा मठाला जातीचा ताठा वाटला. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत, हा हट्ट वाटला. पुरुषांना मराठी शिकवण्याची त्यांची तयारी बिशपांना अयोग्य वाटली. या सगळ्यावर मठाचं औषध एकच, स्वतःला नाकारायला शीक. घर, आईबाप, भाऊ, नवरा हे सगळं आधीच गमावलेली, मुलीला घेऊन परक्या देशात उभी असलेली ही बाई तेव्हा जे उत्तर देत राहिली ते मला धर्मशास्त्राच्या कितीतरी ग्रंथांहून मोलाचं वाटतं : माझी सदसद्विवेकबुद्धी मी देवाला दिली आहे, तुम्हाला नाही, असा तिचा आशय. तीच बाई 11 मार्च 1889 रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडते आणि उरलेलं आयुष्य विधवांसाठी, दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी खर्च करते. तिला आत्मनकार कळला नव्हता, असं कोण म्हणेल?

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला : येशू स्वतःच लूक 14:26 मध्ये आईबाप, बायको, मुलं, सगळ्यांपेक्षा मला वरचं स्थान द्या म्हणतो, तेही फार कठोर शब्दांत. मग शिष्याच्या निवडीची झळ घरच्यांना लागणारच. खरं आहे, लागणारच. पण लागलेल्या झळीचं ऋण शिष्यावर राहतं. तिला घरच्यांचं पुण्य म्हणून जमेस धरण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. त्याच उताऱ्यात, दोनच ओळींनंतर, बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं येतं. हिशेब आपल्या गाठीच्या पैशांचा असतो. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे : शिमोनाचं काय? मार्क त्याची ओळख आलेक्सांद्र आणि रूफस यांचा बाप अशी करून देतो, म्हणजे ती मुलं मंडळीच्या ओळखीची असावीत. वेठीतूनच त्या घरात विश्वास आला असेल तर? आला असेल. देव वेठीतूनही काही घडवू शकतो, हे मी नाकारत नाही. त्याचं श्रेय वेठीस धरणाऱ्या शिपायाला जात नाही, एवढंच माझं म्हणणं. दोन कोस जाण्याची शिकवणही चालणाऱ्याला दिलेली आहे. शिपायाने ती तोंडपाठ म्हणून दाखवायची नसते.

हे सगळं जुन्या काळाचं वाटत असेल तर परळ-नायगावच्या चाळींकडे पाहावं. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 रोजी निघाला. त्यात हिंदू धर्माबाहेरची माणसं वगळली गेली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आत आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. एकाच गावाहून, एकाच जातीतून मुंबईत आलेल्या दोन कुटुंबांतलं एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती असेल तर कायद्याच्या लेखी पहिल्याची जात शिल्लक आहे आणि दुसऱ्याची पुसली गेली. सूसाई नावाच्या तामिळनाडूतल्या ख्रिस्ती चर्मकाराला चर्मकारांना टपऱ्या देण्याच्या सरकारी योजनेतून वगळलं गेलं तेव्हा 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही तेच सामाजिक अपंगत्व टिकतं याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून अर्ज फेटाळला. रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्याने हा पुरावा कुठून गोळा करायचा? म्हणून काही कुटुंबं रविवारी मंडळीत येतात आणि कागदावर हिंदू राहतात. व्यासपीठावरून त्यांना सांगितलं जातं की तुम्ही प्रभूला नाकारता आहात, सवलत गेली तर जाऊ द्या, तो तुमचा वधस्तंभ आहे. मला इथे राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. जातीचा दाखला गमावण्याचा निर्णय त्या कुटुंबाने स्वतः घेतला तर तो वधस्तंभ. 1950 च्या आदेशाने तो त्यांच्यावर आला तर ती वेठ, आणि वेठ मोडण्यासाठी झटणं हे मंडळीचं काम आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहफरने 1937 साली शिष्यपणावर लिहिताना स्वस्त कृपेवर, म्हणजे शिष्यपणाशिवाय मागितलेल्या कृपेवर, टीका केली, आणि 1945 मध्ये तो फासावर गेला. त्याचं पुस्तक आमचे पाळक आवडीने उद्धृत करतात. त्याच्या जर्मन शीर्षकात किंमत हा शब्द नाही, नुसतं मागे जाणं आहे. किंमत इंग्रजी भाषांतरात आली. दुसऱ्याची किंमत ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि हेही, की अंगणात शेकोटीपाशी घाबरून नाकारणाऱ्या पेत्राला येशूने पुढे मेंढरं सोपवली.

येत्या 2027 साली राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्याचीच ती तारीख. मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडिलांना माझी विनंती आहे : त्या दिवशी टिळकांवर बोलाल तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांवरही बोला, आणि समोर बसलेल्या कोणाच्याही खांद्यावरच्या ओझ्याला, त्याला विचारल्याशिवाय, वधस्तंभ म्हणू नका.