पांढरे पाणी

विहीर आमची सामाईक. सातबाऱ्यावर निम्मी माझी, निम्मी थोरल्या चुलतभावाची, म्हणजे अण्णांची. 1972 च्या दुष्काळात आमच्या दोघांच्या वडिलांनी मिळून ती आणखी खोल नेली. चार दिवस पाळी अण्णांची, चार दिवस माझी. मोटेच्या काळी ही वाटणी डोळ्यांना दिसे. थारोळ्यात पाणी कोसळले की ते कोणाच्या पाटाला चालले आहे, हे बांधावरून सांगता येई. आता दोघांच्या दोन मोटरी विहिरीतल्या ओट्यावर शेजारी शेजारी बसल्या आहेत, पाणी नळीतून जाते आणि नळीत काय चालले आहे हे कुणालाच दिसत नाही. भांडणाला याहून सोयीची जागा कोणती?

2019 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला. पुरंदर तालुक्यातली अंजिराची बाग मी पुण्यात बसून करतो; म्हणजे वाटेकरी करतो आणि मी फोन करतो. एप्रिलमध्ये उलटा त्याचाच फोन आला. "गुरुजी, शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. झाडं पानं टाकायला लागलीत."

मी एस.टी. धरली. ठिबकच्या गाळणीच्या दोन्ही अंगांना दाबाचा एकेक काटा आहे. एरवी दीड किलोवर असणारे दोन्ही काटे अर्ध्यावर मान टाकून बसलेले. गाळणी तुंबली असती तर अलीकडचा काटा चढला असता आणि पलीकडचा उतरला असता. तेव्हा दोष मागे, मोटरीत किंवा विहिरीत, एवढे मला कळले. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्याचा इतका तरी उपयोग! वायरमनने व्होल्टेज पाहिले, ठीक होते. पंप खोलून आतला पंखा पाहिला, झिजलेला नव्हता. मग फुटबॉल पाहिला. (फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात, आणि त्याच्यामागे माणसाची दमछाकही तशीच होते.) त्यात पालापाचोळा नव्हता आणि तो पाण्यात पुरता बुडालेला होता. सक्शनच्या पाइपावरून हात फिरवला. सांधा न् सांधा कोरडा ठणठणीत. कुठे थेंबाची गळती नाही.

मग उरले कोण? अण्णा.

एकदा हे मनात आल्यावर पुरावे गोळा व्हायला वेळ लागला नाही. बांधावरच्या जांभळीची न विचारता तोडलेली फांदी आठवली. लग्नात न आलेले आमंत्रण आठवले. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन मी म्हणालो, "अण्णा, माझ्या पाळीत तुमची मोटर रात्रीची चालते. म्हणून विहीर खोल जाते आणि माझ्या मोटरीला पाणी उचलत नाही."

वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. अण्णा काही बोलले नाहीत. पानाचा डबा मिटला, एवढेच.

सकाळी सहाला ते विहिरीवर हजर. माझ्याकडे न पाहता वाटेकऱ्याला म्हणाले, "मोटर लाव. पाणी हौदात सोड." धारेखाली त्यांनी तांब्या धरला. पाणी दुधासारखे पांढरे. मग तळापासून हळूहळू नितळत वर आले.

"हवा धरतीय," ते म्हणाले आणि सत्तरी उलटलेला तो माणूस पायऱ्या उतरून ओट्यावर गेला. शेणमाती कालवून एकेक सांधा लिंपू लागला. मोटरीच्या तोंडाशी जे वाकण आहे, त्याच्या सांध्यावर चिखलाला खळगा पडला. कुणी आतून चोखून घ्यावा तसा. त्यावर आणखी एक गोळा थापला. मोटरीची खडखड थांबली, आणि वर हौदात दंडाएवढी धार कोसळू लागली.

खरे तर हे मला कळायला हवे होते. पंप पाणी ओढत नाही. विहिरीतल्या पाण्यावर जी हवा बसलेली असते ती त्याला नळीत ढकलते, तेही समुद्रसपाटीला फार तर चौतीस फूट, आणि आमच्यासारख्या उंचावरच्या गावी त्याहून कमी. व्यवहारात वीस-बावीस फुटांवरच पंप कुरकुरू लागतो. टोरिचेलीची ती पाऱ्याची नळी मी फळ्यावर किती वेळा काढली असेन! चालू मोटरीच्या सक्शनमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी. तिथल्या भेगेतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. आणि मी मात्र सांधा कोरडा म्हणून त्याला निर्दोष ठरवून मोकळा झालो होतो.

सांधा उघडला. पॅकिंगच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, पार चिरून गेलेला.

"हे कुणी घातलं?" अण्णांनी विचारले.

वाटेकरी जमिनीकडे पाहू लागला. भला माणूस, बोलला नाही. दिवाळीच्या सुमारास त्याने नव्या पॅकिंगसाठी पैसे मागितले होते, आणि "सध्या ट्यूब लाव, पुढं बघू," असे फोनवर मीच सांगितले होते.

दुपारी सासवडहून पॅकिंग आणले. काटे दीड किलोवर गेले. शेवटच्या ओळीतल्या सात झाडांपैकी पुढे चार वाचली.

संध्याकाळी अण्णांकडे गेलो. शब्द वाटेत जुळवून ठेवले होते. ते पान लावत बसले होते.

"अण्णा, काल मी..."

"तुला चुना कमी, ना?" त्यांनी विचारले. आणि पान माझ्या हातावर ठेवीत म्हणाले, "उद्यापासून पाळी माझी. पण ती शेवटची ओळ तहानलेली आहे. उद्याची रात्र तू घे."

आतून कपबश्यांचा आवाज आला. वहिनी या वेळी दारात थांबल्या नाहीत.