नववी माळ, तिसरं आयंबिल



पर्युषण झाले, संवत्सरी झाली, पितृपक्षही सरत आला. आता आश्विन. आपल्याकडे शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपद ओळी आणि आजूबाजूच्या घरांतून प्रतिपदेपासून नवरात्र. आमच्या घरात सात वर्षांपासून दोन्ही असतं. थोरली सून मराठा घरातली, तिच्या माहेरची कुलस्वामिनी तुळजाभवानी. लग्नाच्या वेळी जे काय व्हायचं ते झालं, आता त्यात जात नाही.

पहिल्या वर्षी नवरात्राच्या आधी ती हळूच म्हणाली, "मम्मी, माहेरी मी नऊ दिवस उपवास धरते. इथे चालेल ना?" मी म्हणाले, "चालेल की! पण बटाटा, रताळं घरात येणार नाही." ती "बरं" म्हणाली.

खरं सांगू का, हिंदूंच्या उपवासाला मी मनातून हसायची. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे ऐकतच लहानाची मोठी झाले. शाळेतल्या मैत्रिणींच्या डब्यात उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. आणि आपला उपवास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. चोविहार असेल तर तेही नाही. अभिमान वाटायचाच. त्यात मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब लावायची सवय. कोण किती खातं हे न विचारता मोजायची.

पाचव्या माळेला मी रात्री साडेनऊला पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेले, तर सूनबाई ओट्यापाशी उभी राहून भगर खात होती. माझ्या तोंडून गेलंच, "उपवास म्हणता आणि रात्री जेवता? आमच्यात सव्वासहाला सूर्य मावळला की तोंडात घास जात नाही." तिने ताटली खाली ठेवली. काही बोलली नाही. गंमत अशी की माझा मुलगा ऑफिसातून येऊन रोज दहा वाजता जेवतो आणि त्याला मी गरम फुलका करून वाढते!

दुसऱ्या दिवशी तिने रात्रीही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या माळेला मुलगा माझ्यावर चिडला. "मम्मी, ती दिवसभर ऑफिसात फक्त पाण्यावर असते. आरती झाल्यावर एकदाच खायचं, असं तिच्या आईकडे आहे. ते एकदाचंही तू बंद केलंस."

मला काय माहीत! मग मी तिच्या आईंना फोन केला. त्या शेतकरी घरातल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी समजावून सांगितलं. कोणी नऊ दिवस निरंकार करतं, कोणी दिवसातून एकदा जेवतं, कोणी न मागता कुणी वाढलं तेवढंच खातं, आणि दिवसभर काही न घेता रात्री एकदा खायचं त्याला नक्त म्हणतात. ज्यांना नऊ दिवस झेपत नाहीत ते उठता-बसता करतात, म्हणजे घट बसताना एक दिवस आणि उठताना एक दिवस. म्हणजे आपल्याकडे नवकारशी, बियासणा, एकासणा, आयंबिल, उपवास अशा पायऱ्या, तशा त्यांच्याकडेही. मी वरची पायरी आपली धरून खालची त्यांची धरत होते.

घटाचंही त्यांनीच सांगितलं. शेतातली माती पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मध्ये घट ठेवायचा, रोज एक माळ वर बांधायची. नऊ दिवसांत कोंब वीतभर वाढतात. खरिपाचं पीक घरात यायच्या तोंडावर आणि रब्बीच्या पेरणीआधी हे सगळं येतं. नवं धान्य दारात आलेलं असताना बाई नऊ दिवस धान्याला हात लावत नाही, हे मला आपल्या रसत्यागाच्या फार जवळचं वाटलं. तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर, हिरवी भाजी हे सगळं घरात असताना आयंबिलाला आपण शिजवलेलं अळणी, रुक्ष खातोच ना.

आणि बटाट्याचं म्हणाल तर तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळे तिकडचेच. जुन्या बायकांच्या उपवासात यांतलं काहीच नसणार. साबुदाणा तर शाबूकंदाचा, म्हणजे कंदच की! तो मी लहानपणापासून खात आले आणि बटाट्याला नाक मुरडत आले. हे कळल्यापासून आमच्याकडे साबुदाणा बंद. सूनबाई हसली, म्हणाली, "मम्मी, माझ्या उपवासाने तुमचा एक पदार्थ गेला." आता आम्ही कच्च्या केळ्याचा कीस करतो. केळी सालासकट अर्धवट उकडायची, पूर्ण गार झाल्यावर किसायची. गरम किसलीत तर लगदा होतो. तुपात जिरं, मिरची, किसलेलं केळं, दाण्याचं कूट, मीठ, वरून लिंबू. बटाट्याची आठवण होत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या आठव्या माळेला मी तिची माफी मागितली नाही. महिन्यापूर्वीच संवत्सरीला मोबाइलवरून दोनशे जणांना मिच्छामि दुक्कडं पाठवलं होतं. ते घरातल्या घरात तोंडाने म्हणणं जमलं नाही. रात्री ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं, बस.

चौथ्या वर्षीची गोष्ट. डॉक्टरांनी मला साखरेमुळे ओळी करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. मी घरात कोणालाच बोलले नाही. एकवीस वर्षांत एकही ओळी चुकली नव्हती, आता सोडली तर स्थानकात बायका काय म्हणतील? सप्तमीला पच्चक्खाण घेतलं. दुपारी एकदाच उकडलेले मूग आणि भात, तोही थोडाच. जेवण निम्मं, गोळ्या मात्र पूर्ण! एवढा साधा हिशेब मला लागला नाही.

तिसरं आयंबिल, त्यांची नववी माळ. खंडे नवमीची सुट्टी म्हणून सूनबाई घरी होती. साडेपाचच्या सुमारास मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काळोख. तिने मशीनवर साखर बघितली आणि वाटीत साखरेचं पाणी केलं. मी तोंड मिटून घेतलं. माझं पच्चक्खाण होतं. ती स्वतः सकाळपासून उपाशी होती, आरती व्हायची होती. माझी मान धरून तिने जवळजवळ जबरदस्तीने ते पाणी पाजलं.

शुद्धीवर आल्यावर मी लहान मुलीसारखी रडले. एकवीस वर्षांची ओळी मोडली म्हणून. तर ती म्हणाली, "तुम्ही नाही मोडली मम्मी, मी मोडली. मी आत्ता देवीपुढे सांगून येते की दोष माझा." आणि खरंच घटापुढे जाऊन हात जोडून उभी राहिली.

मग मात्र मला राहवलं नाही. बसल्या जागेवरून तिला म्हणाले, "पहिल्या वर्षी पाचव्या माळेला मी जे बोलले, त्याचं मिच्छामि दुक्कडं." ती म्हणाली, "कधीचं काय काढताय?" पण तिला तारीखसुद्धा आठवत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दसऱ्यानंतर महासतीजींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पच्चक्खाणातच आगार ठेवलेले असतात, शरीराची समाधी टिकावी म्हणून औषध घेतलं तर व्रत मोडत नाही. आणि विचारलं, बारा तपांमधली सहा बाह्य झाली, विनय आणि वैयावृत्य कुठल्या सहांत येतात? मला पाठ होतं. उत्तर द्यायला लाज वाटली.

आता मी ओळी करत नाही. नऊ दिवस दोन्ही वेळा उणोदरी आणि मोजून पाच द्रव्यं, डॉक्टरांना विचारून. सूनबाई मूल लहान असल्याने उठता-बसता करते. अखंड दिव्याला काचेची चिमणी असते, पाखरू पडू नये म्हणून. ती चिमणी तिनेच शोधून आणली. घट बेडरूमच्या कोपऱ्यात बसतो. नातेवाइकांत याबद्दल बोलतात, बोलू देत.

काल तिच्या माहेराहून पिशवीभर माती आली. तिने ती माझ्यासमोर आणून ठेवली, दरवर्षीसारखी. मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून हाताने हळूहळू ती चाळली. यंदा चार मुंग्या आणि एक बारीक गांडूळ निघालं. तुळशीच्या कुंडीत सोडलं आणि तिला हाक मारली, "घे गं, झाली तुझी माती."